पाय उजवीकडे पडतो

१

सोमवारी सकाळी मी कोट खुंटीला अडकवते न अडकवते तोच मालकांच्या खोलीतून हाक आली, "व्हर्ना, आत या. आणि दार लावून घ्या."

सत्तावीस वर्षं मी या क्लबात टायपिस्ट आहे. दार लावून घ्या असं म्हटलं की कुणाचं तरी नशीब फिरलेलं असतं, एवढं मला कळतं. मी तोंडातलं च्युइंगम कागदात गुंडाळलं आणि आत गेले.

आत मिस्टर ओबरमन बसले होते. गेल्या वसंतात त्यांनी हेरन्स हा आमचा बेसबॉल क्लब विकत घेतला, त्याआधी ते फ्रीज बनवायचे. खिडकीशी पाठमोरा हार्लन टीग उभा होता. हार्लन आमच्या स्काऊटांचा, म्हणजे गावोगाव फिरून होतकरू खेळाडू हेरणाऱ्यांचा, प्रमुख. दर जूनमध्ये देशभरातले सगळे क्लब शाळा-कॉलेजातली मुलं आळीपाळीनं निवडतात, आणि आमच्या वतीनं कुणाला उचलायचं हे गेली अकरा वर्षं हार्लन ठरवतोय. त्याचा हात खिशात होता आणि खिशातलं स्टॉपवॉच टिकटिक करत होतं. घाबरला की तो ते सुरू करतो, बंद करतो. त्या आवाजानं माझं डोकं उठतं.

"हा कागद तुम्ही टाइप केलाय?" ओबरमननी विचारलं.

मी चष्मा चढवला. सहा वर्षांपूर्वीचा अहवाल होता. मुलगा कोरी व्हिटलॉ, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, इंडियाना, शाळेचा शेवटचा हंगाम. स्काऊट वेंडेल क्रोल.

*उजव्या हाताचा पिचर. वेग आज ६०, पुढे ७०. वळणारा चेंडू आज ४०, पुढे ५५. पुढचा पाय रेषेच्या वीतभर उजवीकडे पडतो, त्यामुळे शरीराच्या आडून फेकतो. कोपरावर सगळा भार. तीन वर्षांत हात जाईल. घेऊ नये.*

आणि खाली, डब्ल्यूके/व्हीएस. म्हणजे सांगणारा वेंडेल क्रोल, टाइप करणारी व्हर्ना स्वोबोडा.

मी नाव पुन्हा वाचलं. त्या वर्षी आमची पहिली निवड कोरी व्हिटलॉच होता. हार्लननं त्याला सगळ्या देशात चौथ्या क्रमांकावर उचललं होतं. आणि बरोबर तीन वर्षांनी त्याचं कोपर गेलं. आता तो गावात शाळेची बस चालवतो. आम्ही सगळे आजवर नशिबाला बोल लावत होतो.

"खूण माझी आहे," मी म्हटलं. "पण वर्षाला चारशे अहवाल बडवते मी. आठवायचं कसं?"

"मिस स्ट्राउडना तो फाइलमध्ये सापडला," ओबरमन म्हणाले. "म्हणजे टीगना स्वतःच्या माणसानं बजावलं होतं आणि तरी त्यांनी त्या मुलाला घेतलं. बरं, हे साठ-सत्तर काय प्रकरण आहे? शंभरपैकी?"

"वीस ते ऐंशी. पन्नास म्हणजे वरच्या संघातला साधारण खेळाडू."

"शून्य का नाही?"

"आमच्याकडे शून्य कुणालाच देत नाहीत. मैदानात उतरलेल्या पोराला वीस तरी मिळतात."

ते हसले नाहीत. त्यांनी एक कोरा तक्ता पुढे सरकवला. डावीकडे रकाना 'निवड', उजवीकडे 'घडण'. हार्लनच्या अकरा वर्षांच्या निवडीचा हिशेब त्यात लागायचा होता. कुठं मुलगाच चुकीचा निवडला आणि कुठं चांगला मुलगा नंतर बिघडला, ते शुक्रवारी ठरणार. व्हिटलॉचं नाव ज्याच्या रकान्यात पडेल तो घरी जाणार.

"टीग, तुम्हाला काही म्हणायचंय?"

हार्लन वळला. चेहरा राखेसारखा. "हे वाचल्याचं मला आठवत नाही," तो म्हणाला. "पण वाचलं असेन. आणि तरीही घेतलं असेन."

नोकरीचं त्याला काहीच नव्हतं. त्याला वाटत होतं, त्या पोराचा हात आपण मोडला.

२

वेंडेल क्रोल चार वर्षांपूर्वी गेला. तो असता तर एका फोनवर निकाल लागला असता. म्हणून मी ईनस प्रुएटला फोन केला.

ईनस आमचा जुना क्रॉसचेकर. एका स्काऊटनं पाहिलेला मुलगा दुसऱ्यानं पुन्हा जाऊन पाहायचा आणि पहिल्याचं कुठं चुकलं ते सांगायचं, हे त्याचं काम. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला, त्यामुळं त्याच्या लग्नाचं काय झालं असेल ते सांगायला नको. निवृत्त होऊन तळ्याकाठी मासे धरतो, नाहीतर धरल्याचं सांगतो. दुपारी तो गुडघा ओढत हजर झाला.

"व्हर्ना, जाडी झालीस."

"तू म्हातारा झालास. बस आणि वाच."

त्यानं कागद दोनदा वाचला. दुसऱ्या वेळेला एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. मग तो नखानं टेबल वाजवत राहिला.

"वेंडेलनं हे फोनवर सांगितलं तो दिवस आठवतो तुला?"

"मजकूर आठवत नाही. सूप आठवतं."

"कसलं सूप?"

"जेवायच्या सुट्टीत फोन आला होता. मी वाटाण्याचं सूप उघडलं होतं. तो इतका वेळ बोलला की सूप थिजून गेलं. व्हिटलॉ हे नाव मला त्या सूपामुळंच लक्षात राहिलं."

ईनसनं मान वर केली. "नको असलेल्या पोराबद्दल वेंडेल किती बोलायचा?"

नको असलेल्या मुलाबद्दल वेंडेल एक वाक्य बोलायचा. 'याला कॉलेजात जाऊ दे.' संपलं. मॉटेलच्या फोनवर जास्त पैसे गेले तर क्लब ओरडतो असं म्हणायचा. आणि इथं तर सात वाक्यं होती. सात वाक्यांना सूप गार होत नाही, आणि नको असलेल्या पोराला सात वाक्यं मिळत नाहीत.

"हा कागद वेंडेलचा नाही," ईनस म्हणाला. "खरा काढून कुणीतरी हा त्या जागी टाइप करून ठेवलाय. तुझं जुनं मशीन कुठंय?"

"सामानाच्या कपाटात. किल्ली खुंटीला असते."

"म्हणजे सगळ्या गावाला उघडं. उत्तम." तो उठला. "पहिली संशयित तूच. मशीन तुझं, खूण तुझी."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"मी नाही, शुक्रवारी ओबरमन बोलतील."

३

फिलिपा स्ट्राउडला आमचे स्काऊट 'यंत्रबाई' म्हणतात. चौतिशीची, तुटक बोलणारी, दोन वर्षांपूर्वी आली. कॉम्प्युटरसमोर बसून खेळाडूंचे आकडे काढते, आणि स्काऊटांना वाटतं की ही आपल्या पोटावर पाय देणार. मलाही तिचा राग यायचा. कागद तिनंच काढला, तिनंच वर नेला. मी मनातल्या मनात तिला फासावर चढवून मोकळी झाले होते.

"मला टीगना काढायचंय असं तुम्हाला वाटतं ना?" तिनं आम्हाला बसाही म्हटलं नाही. "हे बघा. अकरा पहिल्या निवडी. त्यातले पाच वरच्या संघात पोचले. बाकीच्या क्लबांना तेवढ्यातून चारही मिळत नाहीत. निवड वाईट नाही."

"मग कागद वर का नेलास?" ईनसनं विचारलं.

"कारण सापडला. लपवायचा होता का?" तिनं दुसरा कागद पुढे केला. "मला खुपतं ते हे. पिचर सोडून बाकी मुलं वर चढत जातात. पिचर पहिल्या वर्षी चांगले, दुसऱ्या वर्षी चांगले, मग घसरतात. व्हिटलॉ एकटा नाही. चार आहेत."

"असं का होत असेल?"

"आकडे 'का' सांगत नाहीत. कदाचित मुळातच दुखरे हात निवडले जात असतील. त्या अहवालात तेच आहे ना?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटारडी."

"आकडे आपल्या बाजूचे देऊन खोटं बोलणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली," ईनस म्हणाला.

लाइल गँट्झ कॉफीच्या मशीनपाशी भेटला. हार्लनचा दुय्यम, केस चापून बसवलेले, हार्लनच्या खुर्चीवर चार वर्षांपासून डोळा. त्याच्या टेबलावर घरसजावटीचं मासिक उघडं पडलं होतं, आणि पडद्यांच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"वाईट झालं," तो म्हणाला, पण चेहरा काही तसं म्हणत नव्हता. "हार्लन भावनेनं निवडतो, मी पहिल्यापासून सांगतोय."

"व्हिटलॉला तू पाहिलं होतंस?"

"शाळेत नाही. नंतर तालमीच्या संघाचे सामने, महिन्यातून एकदा, तिकीट काढून बघायचो. फलंदाजाच्या मागं, जाळीपाशी बसून टिपणं काढायचो. पाय आडवा पडायचा, खरंच पडायचा. वेंडेलनं बरोबर हेरलं होतं."

"कुठल्या वर्षी पाहिलंस पहिल्यांदा?"

"तिसऱ्या वर्षी. का?"

"काही नाही. हार्लनच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेणार आहेस?"

लाइलची कॉफी बुटावर सांडली.

४

उरला डॉक. बर्क कीऑ त्याचं खरं नाव, पण सत्तर सालापासून सगळे डॉकच म्हणतात. निवडलेली मुलं त्याच्या हाती जातात आणि तो ती घडवतो. आमच्याकडे रिवाजच आहे: मुलानं सही केली की स्काऊटांचा त्याच्याशी संबंध संपला. डॉकच्या मैदानावर स्काऊटनं पाय ठेवायचा नाही, आणि डॉकनं कुणाला निवडा हे सांगायचं नाही. दोन्ही बाजू हा सोवळेपणा कटाक्षानं पाळतात.

डॉकबद्दल मला वाईट बोलवत नाही. माझा नवरा आजारी होता तेव्हा आठवडाभर त्यानं माझ्या दारासमोरचा बर्फ काढला.

तो मोठ्या मैदानावर होता. तलावावरून बोचरा वारा येत होता. मी आणि ईनस होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या मागं, जाळीपलीकडच्या खुर्च्यांवर बसलो. प्रत्येक मैदानावर वेंडेलची जागा हीच. तिथून पिचर समोर दिसतो, पहिला बेस उजव्या हाताला, तिसरा डाव्या हाताला. जाळीला कपाळ लावून बसायची त्याला इतकी सवय होती की घरी जातानाही कपाळावर चौकटी उमटलेल्या असायच्या.

उंचवट्यावर एक नवा पिचर होता आणि डॉक त्याच्या पाठीशी उभा होता, एक हात पोराच्या खांद्यावर. डॉक नेहमी असाच उभा राहतो, पिचरच्या मागं, त्याला दिसतं ते आपल्याला दिसावं म्हणून.

"उजवीकडे," डॉक म्हणाला. "अजून जरासा. भिऊ नकोस."

पोरानं पाय तिसऱ्या बेसच्या बाजूला सरकवला आणि फेकला. चेंडू असा वळला की मलासुद्धा कौतुक वाटलं.

"पाहिलंस, व्हर्ना?" डॉक हसत जाळीपाशी आला. "शाळेतून येतात तेव्हा निव्वळ जोर असतो. चेंडू वळवायला मी शिकवतो."

ईनसनं त्याला अहवालाचं विचारलं. डॉकचं हसू उतरलं. "हार्लन माझा मित्र आहे. पण कोपर दुखरं असेल तर मी तरी काय करणार? आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून आणू?"

"पोराचा पाय आडवा पडायचा?"

"पडायचा."

"शाळेपासून?"

"वेंडेलनं लिहिलंय ना." आणि तो परत पिचरकडे गेला.

ईनसनं जाळीला कपाळ लावलं, एकदा उजवा हात वर केला, एकदा डावा.

"तुला वेड लागलंय का?" मी विचारलं.

"उद्या इंडियानाला जायचंय. सॅंडविच करून आण. काकडी नको."

५

कोरी व्हिटलॉ बस धूत होता. चोवीस वर्षांचा उंच गडी. पाण्याची नळी डाव्या हातात, उजवा हात कोपरात जरासा वाकलेला. तो पूर्ण सरळ होत नाही.

आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यानं नळी बंद केली. "माझ्याकडून आता काय हवंय तुम्हाला?"

"चेंडू नको," ईनस म्हणाला. "नुसती फेकायची नक्कल करून दाखव."

"कशाला?"

"तुला निवडणाऱ्या माणसाला वाटतंय, तुझा हात त्यानं मोडला."

कोरीनं हात विजारीला पुसले. मग पाय जुळवून उभा राहिला, अंग मागं नेलं, आणि पुढचा पाय टाकला. ओल्या डांबरावर ठसा उमटला. सरळ न पडता बराच आडवा, उजव्या हाताच्या अंगाला.

"नेहमी असाच पडायचा?"

"नाही. शाळेत सरळ पडायचा. दुसऱ्या वर्षाच्या तालमीत बदलायला लावला. आता बसमध्ये चढतानासुद्धा पाय आडवाच पडतो."

मी ईनसकडे पाहिलं. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या कागदावर तेव्हा घडलेलंच नव्हतं ते लिहिलं होतं.

"कुणी बदलायला लावला?"

"कुणाचं नाव घेऊ? सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं." तो हसला, पण ते हसू मला बघवेना. "एक विचारू? मिस्टर टीग आमच्या घरी आले होते, आईच्या हातचा केक खाल्ला, म्हणाले याच्यावर मी डोळा ठेवीन. पुन्हा दिसलेच नाहीत. मी रोज जाळीच्या मागं बघायचो."

ईनसनं निरोपाला आपला डावा हात पुढे केला. आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग मलाच राहवेना.

"लाइलनं तिसऱ्या वर्षी आडवा पाय पाहिला होता. त्यानंच रचलं. त्याला खुर्ची हवीय."

"शक्य आहे."

"नाहीतर डॉक."

"तेही शक्य आहे."

"मग कळणार कसं?"

"कागदावरच लिहिलंय," ईनस म्हणाला. "तू इतकी वर्षं वेंडेलचं टाइप केलंस आणि तुला दिसत नाही. शुक्रवारी त्याचे दहा जुने अहवाल घेऊन ये. कुठलेही दहा."

मला असा राग आला की उरलेलं सॅंडविच मी एकटीनं खाल्लं.

६

शुक्रवारी ईनसनं सगळ्यांना मैदानावर बोलावलं. ओबरमन कोटाची कॉलर वर करून जाळीच्या मागं बसले. हार्लन बाजूला, खिशात टिकटिक चालू. लाइल, फिलिपा आणि डॉक होम प्लेटपाशी उभे होते. ईनसनं पिचरच्या उंचवट्यापासून प्लेटपर्यंत चुन्याची सरळ रेघ ओढून ठेवली होती.

"खेळ सोपा आहे," तो म्हणाला. "प्रत्येकानं अहवाल वाचायचा आणि व्हिटलॉचा पाय जिथं पडायचा तिथं आपली टोपी ठेवायची."

फिलिपा आधी गेली. तिनं प्लेटपाशी उभ्या उभ्या वाचलं, पुढं गेली आणि टोपी रेघेच्या उजवीकडे ठेवली, पहिल्या बेसच्या अंगाला. "शरीराच्या आडून म्हणजे काय ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "उजवीकडे लिहिलंय, उजवीकडे ठेवली."

लाइल गेला. तोही प्लेटच्या मागं उभा राहिला, वाचलं, टोपी पहिल्या बेसच्याच अंगाला ठेवली. आणि डोकं खाजवायला लागला. "थांबा. उजव्या हाताच्या पोराचा पाय इथं पडला तर तो आडून फेकेल कसा? अंग उघडं पडेल. आडून फेकायला पाय तिसऱ्या बेसकडे पडायला हवा. हे उलटं लिहिलंय. मी पाहिला तेव्हा तो तिकडे पडायचा, डावीकडे."

"हार्लन?"

हार्लननं कागद हातात घेतला. सोमवारपासून त्यानं फक्त शेवटची ओळ वाचली होती, हे मला तेव्हा कळलं, कारण मधल्या ओळीपाशी स्टॉपवॉच थांबलं. "वेंडेल असं लिहिणार नाही," तो हळूच म्हणाला. "उजवीकडे आणि आडून, दोन्ही एकदम होत नाही."

"डॉक, तू."

डॉकनं कागद घेतला. वाचत वाचत उंचवटा चढला. पलीकडे गेला. जिथं तीस वर्षं उभा राहिला तिथंच, पिचरच्या जागेच्या मागं, आमच्याकडे तोंड करून. मग वाकला आणि टोपी त्याच्या उजव्या हाताला ठेवली. तिसऱ्या बेसच्या अंगाला. नुसती ठेवली नाही, तळहातानं दाबून बसवली.

ओबरमन खुर्चीतून उठून जाळीपाशी आले.

"चौघांनी कागद वाचला," ईनस म्हणाला. "तिघांना तो अर्धवट कळला. फक्त तुला पुरता कळला, डॉक. व्हर्ना, जुने अहवाल वाच."

मी वाचले. 'डावीकडे, तिसऱ्या बेसच्या खेळाडूकडे.' 'उजवीकडे, पहिल्याच्या अंगाला.' दहाच्या दहा. बेचाळीस वर्षं वेंडेल अशाच जाळीच्या मागं बसला. त्याची उजवी-डावी ही आमच्या इथून, प्लेटच्या मागून. आणि मी मुकाट्यानं बडवत गेले, डोळे उघडून एकदा पाहिलं नाही.

"बाकीचे स्काऊट बेसची नावं घालतात. वेंडेल आधी उजवं-डावं म्हणायचा, ही त्याची लकब तुला ठाऊक होती," ईनस म्हणाला. "लकब उचललीस. पण तो कुठं बसून म्हणायचा ते विसरलास, कारण पिचरला तू समोरून कधी पाहिलंच नाहीस. शाळेच्या मैदानावर पोराच्या पाठीशी जाऊन कुठलाही स्काऊट उभा राहत नाही. हे लिहिणारा व्हिटलॉच्या मागं उभा होता, आणि त्याच्या मागं उभं राहायचा हक्क एकाच माणसाला होता."

डॉक टोपीकडे बघत होता. "बरोबर इथंच पडायचा," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "चेंडू काय वळायचा, हार्लन. तू पाहायला हवा होतास."

७

खरा अहवाल त्यानं जाळला नव्हता. त्याच्या टेबलाच्या खणात होता, चार घड्या घातलेला. वेंडेलचा कागद जाळायला मन झालं नाही म्हणाला. दोन रकान्यांचा तक्ता येणार हे आधीच कानावर आलं, तेव्हा तो घाबरला. एकाच क्लबात सगळं आयुष्य गेलेलं, दुसरीकडे कोण घेणार? मला त्याचा संताप आला, आणि तो बर्फही आठवला. दोन्ही एकदम. अजून तसंच होतं.

ओबरमनच्या खोलीत मीच तो मोठ्यानं वाचला. दीड पान होतं. सूप गार होण्याएवढं.

शेवट असा होता: *पाय सरळ पडतो, आखून दिल्यासारखा. असा हात मी आजवर तिसऱ्यांदा पाहतोय. घ्या. आणि घेतल्यावर त्याला हात लावू नका. हार्लन, यावर तू लक्ष ठेव.*

"टीग, तुमची निवड बरोबर होती," ओबरमन म्हणाले. त्यांनी व्हिटलॉचं नाव उजव्या रकान्यात लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. "तुमची जागा पक्की. विषय संपला."

मी सुटकेचा श्वास टाकला. हार्लननं टाकला नाही.

"हे मी वाचलं होतं," तो म्हणाला. "आता आठवलं. वाचलं, निवड केली, आणि कागद फाइलला लावून टाकला. सही झाली की पोरगं डॉकचं, आमचं काम संपलं." तो माझ्याकडे वळला. "व्हर्ना, मशीन लाव. त्या तक्त्यात तिसरा रकाना घाल."

"काय नाव देऊ?"

"नंतर किती वेळा पाहिलं."

मी मशीन ओबरमनच्याच टेबलावर मांडलं आणि टाइप केलं. ईनस दारात उभा होता, पण आज तो कुणाची चूक काढत नव्हता.

"व्हिटलॉ, कोरी," हार्लननं सांगितलं. "निवड, सत्तर. आणि शेवटच्या रकान्यात शून्य."

माझी बोटं अडली. "हार्लन, आमच्या मोजपट्टीत शून्य नाही. वीस घालते."

"तो रोज जाळीच्या मागं बघायचा, व्हर्ना. ईनसनं सांगितलं मला. मी एकदाही तिथं नव्हतो. तू वीस कशाचे देणार?"

मला वीस टाइप करायचे होते. फार करायचे होते. पण त्या खोलीत एक खोटा कागद आधीच टेबलावर पडला होता. मी शून्य दाबलं, आणि खाली नेहमीसारखी खूण केली, एचटी/व्हीएस.

हार्लननं स्टॉपवॉच माझ्या मशीनशेजारी ठेवलं आणि गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

"इंडियानाला चार तास लागतात," मी म्हटलं. "जाऊन काय सांगणार आहेस त्याला?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "आधी बघून तर येतो."